खविसाचे मूळ गाव

ऑक्टोबर अर्धा उलटला की आम्हाला रस्त्यात गाठून एक प्रश्न हमखास विचारला जातो. तालुक्याच्या गावी नव्या निघालेल्या इंग्रजी शाळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप पडलेला असतो, ३१ तारखेला मुलांना भुताचा पोशाख करून पाठवा. मग कुणाची तरी अम्मी नाही तर खाला विचारते, पाठवावे की नको? आपल्यात चालते का हे? आम्ही हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवतो. फतवा देणे आमचे काम नाही आणि तेवढे इल्मही आमच्याजवळ नाही. ते इमामसाहेबांना विचारावे. पण हे हॅलोविन आहे तरी काय, एवढे सांगता येते.

ख्रिस्ती लोकांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. त्याच्याही आधी आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांत याच सुमारास सुगी संपून हिवाळा लागे, आणि त्या रात्री मेलेले लोक मोकळे फिरतात अशी समजूत होती. पुढे तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवू लागले, भुताने वाट बदलावी म्हणून. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला, मोठा दुष्काळ झाला, आणि आयरिश माणसे बोटी भरभरून अमेरिकेला गेली. तिथे सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा लाल भोपळा मिळाला. आपल्या पोरांपर्यंत येता येता त्यात सुगीही उरली नाही आणि मेलेल्यांची आठवणही उरली नाही. उरले प्लास्टिकचे दात आणि काळा झगा, तोही ऑनलाइन मागवलेला. ज्यांना पाठवायचे नाही त्यांनी पाठवू नये, एका दिवसाने मुलाचे शिक्षण बुडत नाही. आम्हाला त्या झग्याची भीती नाही आणि कौतुकही नाही.

मात्र गेल्या वर्षी त्या निरोपासोबत पोशाखांची यादी आली होती, ती आम्ही दोनदा वाचली. घोस्ट, विच, व्हॅम्पायर, स्केलेटन आणि शेवटी घूल. हा शेवटचा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. तो अरबी आहे. उर्दू वाचणाऱ्यांना ‘गूल-ए-बयाबानी’ ठाऊक असेल, रानातला गूल. अठराव्या शतकात युरोपात अरबी किश्श्यांची मोठी हौस होती, तेव्हा तो त्या बाजूला गेला आणि आता झगा घालून आपल्या तालुक्याला परत आला आहे.

अरबांचा गूल वाळवंटात राही. एकट्या वाटसरूला वेगवेगळी रूपे घेऊन भुलवी, वाट चुकवी आणि मग खाई. आपल्या चकव्याचे काम यापेक्षा फार वेगळे नाही. रात्री ओळखीच्या शिवारातून निघालेला माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो, त्याला चकवा लागला म्हणतात. यावर जुन्या माणसांचा इलाज मोठा शहाणपणाचा, जागेवर बसून राहा आणि उजाडू दे. २००९ साली जर्मनीतल्या काही संशोधकांनी माणसांना एका घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. ढग आले तसा पायांचा हिशेब चुकला आणि जंगलात तर माणसे गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, त्यांच्या ते ध्यानातही आले नाही. वाळवंट काय आणि डोक्याच्या वर गेलेला उसाचा फड काय, खूण दिसेनाशी झाली की चकवा लागतोच.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची एक हदीस आहे. तिच्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अपशकुन नाकारला, आणि त्याच्यासोबत गूलही नाकारला. उलेमांनी तिचा अर्थ असाही सांगितला आहे की इथे जिन्नांचे अस्तित्व नाकारलेले नाही, वाट चुकवण्याची जी ताकद लोक गूलला देत होते ती नाकारली आहे. जिन्न आहेत यावर आपला विश्वास आहे, कुरआनात त्यांच्या नावाची सूरहच आहे. पण त्याच सूरहमध्ये हेही आहे की काही माणसे जिन्नांपाशी आसरा मागत आणि त्याने उलट वाढच झाली. मुफस्सिरीन लिहितात की अरब रात्री एखाद्या दरीत उतरले की तिथल्या जिन्नांच्या सरदाराची पनाह मागत. माणूस भ्यायलेला पाहून ते जास्तच शेफारले.

या गूलचे डोके आकाशात आहे बरे का. अरब ज्योतिषवेत्त्यांनी ययाती तारकासमूहातल्या एका ताऱ्याला ‘रास अल-गूल’ म्हणजे गूलचे डोके म्हटले. युरोपात त्याचे अल्गोल झाले. हा तारा दर दोन दिवस एकवीस तासांनी मंद होतो आणि सुमारे दहा तासांत पुन्हा पहिल्यासारखा होतो. भूत डोळा मिचकावते असे वाटावे, अगदी तसे. इंग्लंडातल्या यॉर्क गावी जॉन गुडरिक नावाचा एक मुलगा होता. त्याला ऐकू येत नव्हते. त्याने रात्रीमागून रात्री या ताऱ्याची नोंद ठेवली आणि १७८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सांगितले की कुठलीतरी काळोखी वस्तू याच्याभोवती फिरत असावी आणि ठरल्या वेळी ती आड येत असावी. रॉयल सोसायटीने त्याच वर्षी त्याला कोपली पदक दिले. पुढे शंभरेक वर्षांनी त्याचे म्हणणे खरे ठरले. तिथे एकमेकांभोवती फिरणारे तारे आहेत आणि एक दुसऱ्याला ग्रहण लावतो.

ग्रहणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. प्रेषित (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, मुलाच्या मृत्यूनेच सूर्य काळवंडला. बापाच्या दुःखाला याहून मोठी साक्ष कोणती मिळाली असती? पण त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ही हदीस माहीत असलेल्या आपल्या कित्येक घरांत गरोदर सुनेला ग्रहणात सुरी हाती धरू देत नाहीत.

ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास ईशान्येला शर्मिष्ठेच्या खालच्या बाजूला ययाती दिसतो. शहरात दिव्यांमुळे अवघड आहे, गच्चीवरचा दिवा तरी मालवावा.

आता खवीस. मराठी भुतांना जात असते, हे आमच्या वर्गातल्या मुलांना दरवर्षी नव्याने कळते आणि दरवर्षी त्यांची हसून पुरेवाट होते. मुंज झालेला पोरगा सोडमुंजीआधी मेला की तो मुंजा, त्याचे ठिकाण पिंपळावर. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध. बाळंतपणात बाई गेली की हडळ, तिचा मुक्काम चिंचेवर. बुडून मेला तो गिऱ्हा, तो डोहाकाठी. या सगळ्यांचा राजा वेताळ. आणि आमच्या बाजूला मुसलमान मेला तर तो खवीस. दुसरीकडे खविसाला दुसऱ्या कुणाचा मानतात असेही ऐकले आहे, पण आमच्या गावात तो आपलाच. एकदा आठवीतला एक मुलगा उठून म्हणाला, “म्हणजे आपण मेलो की सगळे खवीसच होणार काय?” सगळा वर्ग हसला. त्या हसण्यात थोडी चीडही होती. आम्ही म्हटले, अरे, हा मानच समजा. मेल्यावरसुद्धा गावाने आपल्याला हद्दीबाहेर काढलेले नाही, एक झाड नेमून दिले आहे.

मग फळ्यावर आम्ही शब्द फोडून दाखवला. अरबीत ‘खबीस’ म्हणजे नापाक, दुष्ट. उर्दूत ती शिवी आहे, आणि आमच्या नानीच्या तोंडी ती रोज असे, खोडकर नातवापासून दूध पिऊन गेलेल्या मांजरापर्यंत सगळे खबीस. मराठीत येताना ब चा व झाला. मुलांना विचारले, हा शब्द तुम्ही रोज कुठे म्हणता? कुणाला सांगता येईना. संडासात जाताना जी दुआ लहानपणी पाठ करून घेतात तिच्यात खुबुस आणि खबाइस यांच्यापासून अल्लाहची पनाह मागितली आहे. तोच धातू, तेच कुळ. म्हणजे ज्या खविसाला गावचा दादल्या रात्री बांधावर भितो, त्याच्यावरची दुआ आपला चार वर्षांचा पोर सकाळी चड्डी सावरत म्हणून मोकळा झालेला असतो.

भित्यांच्या बाबतीत आमचे घर श्रीमंत होते. नानीची पहिली ताकीद मुलींना, “मगरिब के वख्त बालां खुल्ले छोड को झाड के नीचे नको जा.” अत्तर लावून रात्री बाहेर जायचे नाही. नखे रात्री काढायची नाहीत. रिकामा पाळणा हलवायचा नाही. उंबऱ्यावर बसायचे नाही. बकरी ईदला अंधार पडल्यावर कुणाकडे मटण पाठवायचे असेल तर डब्यात कोळशाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे वासाने मागे काही लागत नाही. आम्ही पाच-सहा भावंडे तो डबा घेऊन मोहल्ल्यातून पळत सुटायचो, आणि खरे सांगायचे तर त्या पळण्यासारखी मजा पुढे कुठल्या सिनेमात आली नाही. मागे कुत्रे लागायचे, हे वेगळे. मटणाच्या वासाने कुत्री लागणार नाहीत तर काय.

यातले सगळेच बिनबुडाचे नव्हते. रात्र पडता पडता मुलांना आत घ्या, बिस्मिल्लाह म्हणून दारे लावा, भांडी झाका, दिवे विझवा, अशी हदीस बुखारीत आहे. त्या वेळी शैतान पसरतात असे तिच्यात आहे, आणि उंदीर दिव्याची वात ओढून घर पेटवील असेही हदीसमध्येच आहे. रात्रीचा काही भाग सरला की मुलांना सोडा, हेसुद्धा आहे. आमच्या नानीला पहिला भाग पाठ होता. सोडायचा भाग मात्र ती सोयीने विसरत असे.

पण सफर महिन्याचे काय? दख्खनच्या आपल्या घरांतून ‘तेरा तेजी’ पाळतात. सफरचे पहिले तेरा दिवस जड, त्यात लग्न नाही, नवे काम नाही, लांबचा प्रवास नाही. तेराव्या दिवशी उशाला ठेवलेली अंडी आणि तेल फकिराला द्यायचे, बला टळली. सदका कधीही द्यावा, त्याला कोण ना म्हणेल. पण अपशकुन नाकारणाऱ्या प्रसिद्ध हदीसमध्ये सफरचे नाव घेऊन तो समज खोडला आहे. घुबडाचे नावही तिच्यात आहे, कारण मेलेल्याच्या कवटीतून पक्षी निघून ओरडत फिरतो असे अरब मानत. चौदाशे वर्षांमागे मोडलेली भीती आपल्याकडे तारखेसकट शाबूत कशी राहिली, याचे आम्हाला राहून राहून नवल वाटते. सफरमध्ये ठरणारे एखादे चांगले स्थळ तेरा दिवसांच्या वायद्यावर हातचे गेलेले आम्ही पाहिले आहे.

हे सगळे हसत लिहिता येते. पुढचे येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुरेख, उर्दूत वर्गात पहिली. एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती ताठ झाली, खाली पडली, हातपाय झाडू लागली, तोंडाला फेस आला. दोनेक मिनिटांत थांबले, पण ती बराच वेळ गुंगीत होती. घरी कळवले. घरच्यांनी ठरवले की आदल्या गुरुवारी ती केस मोकळे सोडून चिंचेखालून आली होती, सावली पडली. मग सुरू झाले. एका आमिलने पाणी फुंकून दिले, दुसऱ्याने मिरचीची धुरी दिली. तिसरा म्हणाला हिच्यावर दोघे आहेत, एक मुसलमान आणि एक गैरमुस्लिम, दोघांचा खर्च वेगळा. शाळा सुटली. पाच महिन्यांत झटके महिन्यातून एकावरून आठवड्याला दोनावर गेले. गावात चर्चा सुरू झाली, आणि मुलीच्या बाबतीत ती चर्चा कुठे जाते हे वाचकांना सांगायला नको. शेवटी एकदा ती चुलीजवळ असताना झटका आला आणि हात भाजला. भाजल्यामुळे सरकारी दवाखान्यात न्यावे लागले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी हातावर पट्टी बांधली आणि विचारले, ही पडली कशी? तिथून मेंदूचा आलेख काढला गेला. मिरगी निघाली, आपण फेफरे म्हणतो ते. गोळ्या सुरू झाल्या.

मिरगी बहुतेकांची औषधाने ताब्यात राहते. ती संसर्गाने पसरत नाही. झटका आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, हातात किल्ली कोंबू नये, दातांत चमचा घालू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू सारून माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा एकापाठोपाठ दुसरा झटका आला, तर तडक दवाखाना गाठावा. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत. बरे वाटते म्हणून मध्येच सोडल्या की झटके परत येतात आणि घरचे म्हणतात, बघा, औषधाने गेले नव्हते.

बुखारीत एका बाईची हदीस आहे. तिला झटके येत. ती प्रेषितांकडे (स.) आली आणि म्हणाली, माझ्यासाठी दुआ करा, झटक्यात माझ्या अंगावरचे कापड सरकते. त्यांनी तिला दोन गोष्टींतून निवड करू दिली. सब्र केलास तर जन्नत आहे, हवे तर शिफा मिळावी म्हणून दुआ करतो. तिने सब्र निवडले आणि एवढेच मागितले की त्या वेळी आपली बेपर्दगी होऊ नये. त्यांनी तशी दुआ केली. या हदीसमध्ये त्या बाईला कुणी मारत नाही, धुरी देत नाही, बांधून ठेवत नाही. तिला विचारले जाते, तुला काय हवे. इलाज करा, अल्लाहने म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराची दवा ठेवली आहे, हेही त्यांचेच सांगणे आहे.

बांधून ठेवण्याचा उल्लेख आम्ही उगाच केलेला नाही. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीला दर्गा आहे. त्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी घरे तिथे चालत. नातलग पैसे देऊन माणूस ठेवून जात. पळून जाऊ नयेत म्हणून रुग्णांना साखळ्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतल्या एका ठिकाणी झावळ्यांचे छप्पर पेटले. २८ जण मेले, कारण त्यांना उठून पळता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ती घरे बंद झाली. त्या २८ जणांना आजार होता. जिन्न कुणाला होता, हे साखळी घालणाऱ्यांनाच माहीत.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ज्या धार्मिक विधींनी कुणाच्या अंगाला इजा होत नाही त्यांना तो हात लावत नाही. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून कायद्याचे नाव काढले की लोक बिचकतात.

दुसरा रस्ताही आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. ‘हाजिरी’साठी महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात. २००८ पासून तिथे ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचे डॉक्टर बसू लागले. मुजावर दुआ करतात आणि माणसाला डॉक्टरकडे पाठवतात. नातलगांना कुणी तुम्ही अडाणी आहात म्हणत नाही, म्हणून ते जातातही. सगळीकडे असे डॉक्टर मिळणार नाहीत, पण १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते. कुणाला आवाज ऐकू येऊ लागले, कुणी बाळंतपणानंतर गप्प गप्प झाली, पोरगे खोलीबाहेर येईना, तर आमिलचा नंबर शोधण्याआधी हा फिरवावा.

ती मुलगी एक वर्ष मागे पडली, पण दहावी झाली, बारावीही. आता डीएड करते आहे. गोळ्या चालू आहेत. तिच्या दादीने उशाखालचा तावीज काढू दिलेला नाही आणि तो काढा असे आम्हीही म्हटले नाही. गोळ्यांची पट्टी त्याच्याच शेजारी असते, आणि रात्री नऊला गोळी घेतली का हे दादीच विचारते. बकरी ईदला त्यांच्याकडून आमच्या घरी डबा येतो, तो नेमका मगरिबनंतर. वरती कोळशाचा तुकडा असतो. तो काढून आम्ही चुलीत टाकतो, हात धुतो आणि जेवायला बसतो.